लालीवरचा आळ

“पोरीला थोडे दिवस माझ्यापाशी नको सोडू,” नवशीआत्या म्हणाली होती. बस, एवढंच. कारण सांगितलं नाही, पुन्हा बोललीही नाही. ओट्यावर बसली होती, दोन्ही हात पदरात घेतलेले, आणि नजर समोरच्या आंब्याच्या मोहोरावर.

सुषमाने ते कानाआड केलं. त्या दिवसांत शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची शेवटची तारीख जवळ आलेली. गंजाडच्या नाक्यावर ती ज्या झेरॉक्सच्या आणि ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची, तिथं सकाळी नऊलाच आईबापांची रांग लागायची. “आत्या, एवढा आठवडा फक्त,” ती म्हणाली. तीन वर्षांच्या जिजाला ओट्यावर बसवलं, खाऊचा डबा ठेवला आणि चपला पायात सरकवून निघाली. मागून आत्याचं “बरं” ऐकू आलं. त्या ‘बरं’मध्ये काही अडकलं होतं का, हे बघायला सुषमा थांबली नाही.

खरं तर न थांबणं हा तिचा स्वभावच नव्हता. डहाणूच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली सुषमा पोरीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असायची. जिजाला सर्दी झाली तरी मोबाईलवर सेकंद लावून तिचे श्वास मोजायची. एक वही केली होती. ताप किती, शी कशी झाली, कोणत्या दिवशी कोणती लस, सगळं तारखेसकट. नवरा प्रविण तलासरीच्या पलीकडे एका कंपनीत कामाला होता. तो थट्टेने म्हणायचा, “उद्या पोरगी शिंकली की तू पंचनामा करशील.”

नवशीआत्या काही नात्याची आत्या नव्हे. पाड्यावर अंगणाला अंगण लागून घर, एवढंच नातं. तिचा नवरा शुक्रा वरोरला मासेमारीच्या बोटीवर खलाशी. पंधरा दिवसांतून एकदा घरी दिसला तर दिसला. घरात आत्या, चार कोंबड्या आणि एक करडी मांजर. पण लग्नसराई आली की आत्याला उसंत नसायची. लग्नाची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नसत, आणि नवऱ्यामुलाला, नवरीला पहिली हळद नवशीच्याच हातची लागावी असा आसपासच्या पाड्यांचा हट्ट. आत्ताही ती तलासरीकडचं एक लग्न उरकून आली होती. चार दिवस मांडवात मुक्काम, एका चटईवर आठ बायका, पांघरायला तीन गोधड्या. दमली असेल, पोरगी नको झाली असेल, असं सुषमाने मनाशी धरलं आणि विषय संपवला.

तीन आठवड्यांनी जिजा खाजवायला लागली.

आधी बोटांच्या बेचक्यात बारीक लाल पुटकुळ्या, मग मनगटावर, मग बेंबीभोवती. दिवसा खेळायच्या नादात विसरायची, पण अंथरुणात गेली की रडकुंडीला यायची. सुषमाने वहीत तारीख टाकली, खाली दोन रेघा मारल्या, आणि मान वर केली तेव्हा समोर लाली होती.

लाली म्हणजे त्यांची तांबूस कुत्री. भातकापणीनंतर पेंढा रचला तेव्हापासून ती नवशीआत्याच्या ओट्याखाली पेंढ्यात झोपायची. सकाळी जिजा ओट्यावर आली की तिच्या पायाशी. जिजा चालायला शिकली ती लालीच्या पाठीला धरून. मागच्या पावसाळ्यात पोरगी विहिरीच्या वाटेला लागली तेव्हा तिचा फ्रॉक दातांत धरून लाली बसून राहिली होती. आणि आता तीच लाली अंगणात गोल गोल फिरत स्वतःची शेपटी चावत होती. कंबरेपासून शेपटीपर्यंत केस झडून गेलेले, खाली कातडी लाल, खरखरीत.

सुषमाने मोबाईल काढला. ‘कुत्र्यापासून माणसाला खरूज होते का’ असं टाईप केलं. होते, असं मोबाईलने सांगितलं, वर असे फोटो दाखवले की तिने मोबाईल उलटा ठेवला. झालं. निकाल लागला.

“जळकं ऑईल चोपड,” मनिष म्हणाला. मनिष म्हणजे प्रविणचा चुलतभाऊ, चिकूचा टेम्पो चालवायचा. “आमच्या गॅरेजवाल्याने तीन कुत्री बरी केलीत. आठ दिवसांत केस बघा कसे येतात, वहिनी. मीच लावणार होतो डोक्याला. लग्नात टक्कल नको दिसायला.” त्याचं लग्न महिनाभरावर आलं होतं.

बी.कॉम. झालेल्या बाईने ऐकायला नको होतं. पण पोरीच्या अंगावर पुरळ बघून शिकलेलं सगळं बाजूला राहतं. सुषमाने गॅरेजमधलं काळं ऑईल बाटलीतून आणलं आणि चिंधीने लालीच्या पाठीवर फासलं. आग होत असणार, कातडी थरथरत होती. पण लाली हलली नाही. फक्त मान वळवून सुषमाकडे बघत राहिली. मग दोन दिवस ती अंग चाटत राहिली आणि ओकत राहिली. केस तर आले नाहीतच.

जिजाची खाजही कमी झाली नाही. शेवटी प्रविणच म्हणाला, “मनिष शुक्रवारी चिकू घेऊन वापीला जातोय. लालीला टेम्पोत टाकू. हायवेच्या ढाब्यावर सोडेल. खायला मिळेल तिला तिथं.”

“आणि ट्रक?”

“मग काय पोरीला असंच ठेवायचं?”

 शुक्रवारी प्रविणला सुट्टी होती. तो जिजापाशी थांबणार आणि लालीबरोबर सुषमा जाणार, असं ठरलं. “लाली कुठं चालली?” जिजाने विचारलं.

“मामाकडे,” सुषमा म्हणाली, आणि पोरीने हातातलं अर्धं बिस्किट मामाकडच्या वाटेसाठी म्हणून लालीला दिलं. आत्या तिच्या ओट्यावर उभी होती. ती एकदम पुढे आली, “तिला नका नेऊ, तिचा काय गुन्हा…” असं काहीतरी बोलली, आणि थांबली. हात पदरात गेले.

टेम्पोत लाली चिकूच्या क्रेटांमध्ये बसली. चारोटी गेली, हायवे लागला. मनिष बोलत होता, सुषमा मागच्या काचेतून बघत होती. ढाब्यासमोर एका ट्रकने कर्कश्श हॉर्न दिला तशी लाली क्रेटामागे अंग चोरून बसली.

“हाच ढाबा,” मनिष म्हणाला. “हाडकं खाऊन म्हैस होईल बघा.”

“थांब. आधी तलासरीत चल. ढोरांच्या दवाखान्यात मला एक विचारायचंय.”

“काय विचारायचंय?”

“घरातल्या गोधड्या जाळायच्या की धुतल्या तरी चालतील.”

मनिषने ब्रेकवरचा पाय काढला आणि हसायला लागला. “कुत्री सोडायला निघालात आणि गोधडीचं विचारायला डॉक्टरकडे? वहिनी, तुमची ती वही आणलीय ना?”

आणली होती.

दवाखान्याच्या आवारात एक बैल बांधलेला होता आणि डॉक्टरबाई नळावर कोपरापर्यंत हात धूत होत्या. दक्षा नाव त्यांचं. लोक दक्षाबेन म्हणायचे. सुषमाचा गोधड्यांचा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

“गोधड्यांचं सांगते. कुत्री कुठे आहे?”

“टेम्पोत.”

“मग आणा की. गोधडी बघून मी काय सांगणार?”

लालीला टेबलावर चढवलं. तिची पाठ बघून डॉक्टरबाईंनी बोटाने काळा ओघळ पुसला, वास घेतला. “हे कोणी लावलं?”

मनिष एकदम बैलाकडे बघायला लागला. “मीच,” सुषमा म्हणाली.

“खरं बोललात ते बरं झालं. हे चाटून पोटात जातं. कातडी भाजते, लिव्हर खराब होतं. जनावर बोलत नाही म्हणून आपल्याला वाटतं औषध लागू पडलं.” आवाज चढला नाही, पण सुषमाला तो जास्तच लागला. “आता सांगा. खाज कुठून सुरू झाली? आठवतंय का?”

सुषमाने वही उघडली. जिजाच्या नोंदींशेजारी समासात लालीचंही टिपलेलं होतं. डिसेंबरमध्ये शेपटीच्या बुडापाशी. मग कंबर. मग मांडीची मागची बाजू. कान, कोपरं, तोंड, काही नाही.

डॉक्टरबाईंनी वहीकडे पाहिलं, मग सुषमाकडे. “असं लिहून आणणारं माणूस वर्षातून एखादं येतं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी लालीच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि तिच्या मागच्या पायाकडे बघत राहिल्या. “खरजेचे किडे असले ना, की कान असा चोळल्यावर बहुतेक कुत्री मागच्या पायाने आपोआप खाजवायला लागतात. ही बघा. ढिम्म.”

लाली खरंच ढिम्म उभी होती.

त्यांनी पाठीची कातडी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली, आतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या. “किडा दिसत नाही. एकदा दिसला नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. पण आता हे बघा.” बारीक दातांच्या फणीने त्यांनी शेपटीच्या बुडाचे उरलेसुरले केस विंचरले आणि फणीत आलेली मिरपुडीसारखी काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकली. क्षणभर काही नाही. मग एकेका काळ्या कणीभोवती तांबडं वर्तुळ पसरायला लागलं.

“अरे, हे रक्त आहे?” मनिष जवळ आला.

“हिचंच. पिसवांनी प्यायलेलं आणि बाहेर टाकलेलं. हिला पिसवांची अ‍ॅलर्जी आहे. अशा कुत्रीला दोन पिसवा चावल्या तरी पाठभर खाज सुटते, आणि मग केस ती स्वतःच चावून काढते. लोक केस गळले की लगेच खरूज म्हणतात. केस गळायला शंभर कारणं. गोल गोल चकत्या पडल्या तर बहुधा बुरशी, ती मात्र माणसाला लागते. कानाच्या कडा आणि कोपरं सोलली तर खरूज. दोन्ही बाजूंनी सारखेच केस गेले आणि खाज नाही, तर आतलं काही बिघडलेलं. खाण्यातलं काही बाधतं तेव्हाही कुत्री पाय चाटत बसते. नुसतं बघून कोणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही.” त्यांनी फणी खाली ठेवली. “ही झोपते कुठे?”

“शेजारच्या ओट्याखाली. भाताच्या पेंढ्यात.”

“आणि तिथे मांजर आहे.”

सुषमाने वहीतून मान वर केली. “तुम्हाला कसं कळलं?”

“कुत्र्यावरच्या पिसवा बहुतेक वेळा मांजरीच्याच जातीच्या असतात. पेंढा उकरून उन्हात टाका, ओट्याखालची जागा रोज झाडा. अंडी तिथे आहेत, कुत्रीवर नाहीत. मांजरीलाही औषध लागेल, पण कुत्रीचं मांजरीला लावायचं नाही. मांजर मरते त्याने. तिचं मी वेगळं देते.”

सुषमाला हायसं वाटायला हवं होतं. पण मग जिजा? तिने विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले.

“मी माणसांची डॉक्टर नाही. पोरीला आजच आरोग्य केंद्रात दाखवा. पण पिसवा माणसाला चावतात त्या घोट्यापाशी, पोटरीला. तुम्ही सांगताय बोटांच्या बेचक्या आणि मनगट. आणि समजा कुत्र्याची खरूज असती, तरी ती माणसाला छळते, त्याच्या अंगावर संसार मांडत नाही. कुत्रं बरं झालं की जाते. माणसात टिकणारी खरूज माणसाकडूनच येते. हातात हात धरून, एका पांघरुणात झोपून.” त्यांनी सुषमाच्या हाताकडे पाहिलं. “तुम्हाला कधीपासून खाजतंय?”

सुषमाने दचकून खाली पाहिलं. उजव्या हाताची नखं डाव्या मनगटावर फिरत होती. तिथं चार लाल ठिपके होते. वहीत त्यांची नोंद नव्हती. स्वतःसाठी तिने पान ठेवलंच नव्हतं.

“पोरीला दिवसभर कोण सांभाळतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

पदरात घेतलेले दोन हात सुषमाला दिसले. मोहोरावर खिळवलेली नजर दिसली. ‘पोरीला थोडे दिवस माझ्यापाशी नको सोडू.’ आणि आज सकाळचं, ‘तिचा काय गुन्हा.’

परतीचा टेम्पो म्हणजे मनिषची मेहेरबानीच. वापीच्या बाजाराला उशीर होत असताना त्याने चिकू दुसऱ्याच्या गाडीवर चढवून दिले आणि वहिनीला व कुत्रीला घरी सोडायला वळला. “चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण,” तो मागे वळून लालीला म्हणाला, “माफ कर गं माय. माझ्या वरातीत तुला पुढं बसवतो.” मग सुषमाला, “पण वहिनी, पोरीला मग झालं कुणामुळे?”

त्याच्या लग्नात पहिली हळद कोण लावणार होतं, हे सुषमाला ठाऊक होतं.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी जिजाची बोटं पाहिली, सुषमाचं मनगट पाहिलं आणि एका मिनिटात निदान केलं. खरूज. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज असो वा नसो. आठ दिवसांनी पुन्हा. कपडे, गोधड्या गरम पाण्यातून काढून कडक उन्हात. “आणि पोरीला जवळ घेणारं आणखी कोणी असेल तर त्यांनाही,” ते म्हणाले. सुषमाने दोन घरांचं मलम मागून घेतलं.

संध्याकाळी ती आत्याच्या ओट्यावर गेली. टेम्पोतून उडी मारलेली लाली तिच्याआधीच तिथं पोचून पडली होती. आत्या तिच्या कानामागे काठीने खाजवत होती. हाताने नाही, काठीने.

“आणलीस?” आत्याचा चेहरा उजळला. “बरं केलंस बाय. लय बरं केलंस.”

काय बोलायचं हे सुषमाने वाटभर ठरवलं होतं, ते सगळं विसरलं. ती आत्याच्या शेजारी बसली आणि बाही वर करून स्वतःचं मनगट तिच्यापुढे धरलं. “आत्या, हे बघ. मलापण झालंय.”

आत्याने ते चार ठिपके पाहिले. मग तिने पदरातून हात बाहेर काढले. बोटांच्या बेचक्या सोलवटलेल्या, मनगटांवर खपल्या. महिनाभराच्या वर ती हे झाकत होती.

“मी सांगितलेलं ना तुला,” ती हळूच म्हणाली. “नको सोडू पोरीला म्हणून.”

“सांगितलंस. का, ते नाही सांगितलंस.”

“काय सांगू? हळद लावायला बोलावतात मला. नवशीच्या हाताला खरूज आली, असं एकदा तोंडातून गेलं की कुठल्या मांडवात उभं करतील?” तिचे डोळे भरले. “पोरगी मांडीवर चढायची. हात धरायची. मी कितीदा ढकलली तिला, तर रडायची. म्हणून मग…” तिने ओट्याच्या कोपऱ्यात वाळत घातलेल्या जुन्या पायमोज्यांच्या जोडीकडे बोट दाखवलं. “ते शुक्राचे. हातात घालून तिला घ्यायची मी.”

सुषमाला आता रडू आवरेना. मार्चच्या उन्हाळ्यात, हातात खलाशाचे पायमोजे घालून ही बाई तिच्या पोरीला जोजवत होती. आणि आपण वहीत श्वास मोजत बसलो होतो.

तिने आत्याचे हात हातात घेतले. आत्याने मागे ओढले, तिने सोडले नाहीत. “तुलाच आधी लावायचं,” मलमाची ट्यूब उघडत ती म्हणाली. “अंगभर लागेल. आत चल. आणि शुक्राकाकांना निरोप धाड, त्यांनाही लावायचंय. मनिषची हळद वीस दिवसांवर आहे. आठ दिवसांनी पुन्हा लावलं की डॉक्टर हात तपासून सांगतील. त्यांनी हो म्हटलं तर तूच लावायचीस. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

आत्याने नाक पुसलं आणि जरा वेळाने तिचा नेहमीचा आवाज परत आला. “आणि त्या मांजरीला काय आणलंस? ती तर लय स्वच्छ. सारखी पोट चाटते.”

सुषमाने मांजरीला उलटं केलं. पोटावर एक केस नव्हता. “स्वच्छ कसली! पिसवा खातायत तिला. चाटून चाटून टक्कल केलंय.”

“आत्ता गं बाई! आणि मी शेजारणींना सांगत फिरले, माझ्या मांजरीसारखी टापटीप कुणाचीच नाय!” दोघी हसत सुटल्या. किती दिवसांनी त्या ओट्यावर कुणी हसलं होतं.

पेंढा उकरला. तीन दिवस उन्हात पसरला. सुषमा रोज ओट्याखाली झाडू मारायची आणि लालीला फणीने विंचरून काळी कणी ओल्या कापसावर झटकायची. वहीत आता लालीला समासाऐवजी स्वतःचं पान होतं. जिजाची खाज मलमानंतरही दोनेक आठवडे थोडी थोडी राहिली. ती राहणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे सुषमा त्या दिवसांत फक्त दोनदाच घाबरली. मग एका सकाळी पोरगी उठली ती न खाजवताच.

मनिषच्या हळदीला आरोग्य केंद्रातून हात दाखवून आलेली नवशीआत्या मांडवात उभी राहिली. स्वच्छ, मोकळे हात, बांगड्या मागे सारलेल्या. गाण्याचा पहिला सूर लावत तिने मनिषच्या गालाला हळद लावली, आणि दुसऱ्याच गाण्यात एक ओळ घुसवली, ज्या नवऱ्याने कुत्रीला काळं ऑईल फासायला लावलं, त्याला आता पिवळं फासा गं. मांडव हसून लोळला. वरातीत टेम्पोच्या पुढच्या सीटवर लाली बसली होती. शेपटीच्या बुडाशी बारीक तांबूस लव उगवायला लागलेली.

हे सगळं सांगायला नवशीआत्यानेच परवानगी दिलीय. आता तर ती मांडवात बायकांना सरळ म्हणते, “हात दाखवा गं आधी, मग हळदीला शिवा. लाजायचं नाय, माझेपण तसलेच होते.” सुषमा तिच्या मागे उभी राहून ऐकते, आणि दर वेळी तिला वाटतं, या बाईने महिनाभर पायमोजे घालून आपल्या लेकराला सांभाळलं, हे कुठल्या वहीत लिहायचं?

म्हणून ती भेटेल त्याला एकच सांगते, आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमचं कुत्रं, मांजर खाजवत असेल तर त्याला सोडून येण्याआधी, काही फासण्याआधी डॉक्टरला दाखवा, ते आहेच. पण त्याच्याही आधी एक करा. तुमच्या लेकराला दिवसभर जी कुणी सांभाळते, शेजारीण असो, मावशी असो, पाळणाघरातली ताई असो, आज संध्याकाळी पोर घ्यायला जाल तेव्हा चपला काढून दोन मिनिटं तिच्याजवळ बसा. ती काही बोलता बोलता थांबली असेल तर विचारा. आणि तिचे हात पदरात असतील, तर आधी आपले पुढे करा.